दोनशेच्या खाली जायचं नाही

मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर एखाद्याचं नाव सुचवायचं असेल, तर आधी त्या माणसाला खासगीत विचारावं, असा काही नियम अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मराठी लोकांत नाही. असता, तर त्या सोमवारी मोरेश्वर पोफळीला प्रयोगशाळेत, हातात पिपेट धरून, स्वतःच्या वजनाबद्दलची जाहीर चर्चा वाचावी लागली नसती.

शैलेंद्रकाकांची मेल तशी साधी होती. एप्रिलमध्ये गावाची दहा किलोमीटरची धाव आहे, यंदा मंडळाची टीम उतरवू या. टीमला चौघं लागतात: एक तरुण, एक बाई, एक पन्नाशीपुढचा आणि एक क्लाइड्सडेल. चौघांनीही शर्यत पुरी केली तरच टीम मोजतात. पहिल्या तीन जागा भरल्या आहेत, पन्नाशीपुढचा मीच. क्लाइड्सडेल कुणी आहे का?

मोरेश्वरला वाटलं, क्लाइड्सडेल हे वॉशिंग्टनच्या बाजूचं एखादं उपनगर असणार आणि तिथला एक रहिवासी टीममध्ये असावा अशी गावाची काहीतरी अट असणार. मदत करण्याचा त्याचा स्वभाव होता. त्यानं लगेच उत्तर टाकलं, ‘माझ्या ओळखीचं तिकडे कुणी राहत नाही, पण विचारून बघतो.’

त्यावर यतीनची मेल आली. यतीन म्हणजे त्याचा रूममेट. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, तरी त्यानं ग्रुपवर लिहिलं, ‘अरे मोऱ्या, क्लाइड्सडेल म्हणजे दोनशे पौंडांवरचा (नव्वद किलोच्या पुढचा) गडी. तूच की यार!’ मग मंडळाच्या खजिनदारबाईंनी लिहिलं, ‘अगदी योग्य निवड.’ आणखी कुणीतरी नुसतंच ‘अनुमोदन’ लिहिलं. आणि ज्या सद्गृहस्थांना मोरेश्वर आयुष्यात एकदाच, तेही गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत भेटला होता, त्यांनी लिहिलं, ‘हो हो, तेच ना? मला लगेच आठवले.’

मोरेश्वरनं क्लाइड्सडेल म्हणजे काय ते शोधून काढलं. तो एका जातीचा घोडा निघाला. घोडा म्हटल्यावर त्याला किंचित बरं वाटलं. मग त्यानं फोटो पाहिला. स्कॉटलंडमध्ये मालाच्या गाड्या ओढण्यासाठी वाढवलेला, खांबासारख्या पायांचा, खुरांवर केसांची झालर असलेला तो प्राणी कॅमेऱ्याकडे अत्यंत समाधानानं बघत होता. त्याच्या तोंडात गवत होतं. मोरेश्वरच्या आडनावाचं झाड शिडशिडीत, उंच आणि वाऱ्यावर डुलणारं असतं, ही गोष्ट त्याला शाळेपासून वेगवेगळे लोक सांगत आले होते. त्या टोमण्यांच्या यादीत आता घोड्याची भर पडली.

‘नाही’ म्हणायला त्यानं रिप्लायचं बटण दाबलंही होतं. पण नागपूर आडवं आलं.

नागपूर म्हणजे त्याचे वडील. अनिल पोफळी सर तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवत होते. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि स्वभाव असा की स्वतःच्या मुलालाही अर्ध्या सेकंदाची सूट नाही. प्राथमिक फेरीत जो वेळेत येईल तोच अंतिम शर्यतीत धावेल. मोरेश्वर कधीच वेळेत आला नाही. सरांनी त्याबद्दल त्याला एकदाही बोल लावला नाही. फक्त दर वर्षी क्रीडादिनाच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणायचे, “मोरू, तू उद्या फीत धरजो.” दहावीपर्यंत मोरेश्वर फीत इतकी सफाईनं धरायला शिकला, की शेजारच्या शाळेनंही त्याला त्यासाठी बोलावलं. शर्यत संपते तिथे तो कायम हजर असायचा, पण सुरू होते तिथे कधी नाही. वडिलांना एकदा तरी फोन करून ‘मी धावलो आणि माझा नंबर लागला’ असं सांगावं, ही इच्छा त्यानं अमेरिकेत येतानाच्या सामानात न लिहिता आणली होती. आणि आता एक टीम अशी निघाली होती, की तिला मोरेश्वरशिवाय उभंच राहता येत नव्हतं. दयेनं नव्हे, नियमानं!

त्यानं लिहिलं, ‘मी तयार आहे.’ त्यावर सगळ्यांनी मिळून जो आनंद व्यक्त केला, तो त्याला जरा जास्तच वाटला.

पहिली अडचण सरकारी निघाली. क्लाइड्सडेल गटातल्या धावपटूनं वैद्यकीय दाखला आणावा, असा शर्यतीचा नियम होता. विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मोरेश्वरला काट्यावर उभं केलं, भिंतीवरच्या तक्त्यात त्याची उंची शोधली, तिथून बोट आडवं सरकवत नेलं, आणि तक्ता संपला तरी बोट थांबेना तेव्हा मान हलवली.

“दोनशे बारा. या वजनावर मी सही करणार नाही. दोनशे पाचपर्यंत खाली ये, मग बघू.”

“येतो,” मोरेश्वर म्हणाला. “फक्त दोनशेच्या खाली जाऊन चालणार नाही.”

नर्सबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “वजन कमी करायला सांगितल्यावर लोक माझ्याशी घासाघीस करतात. पण खालच्या बाजूनं घासाघीस करणारा तू पहिलाच.”

घरी जाताना मोरेश्वरची मात्र कळी खुलली होती. दाखल्यासाठी दोनशे पाचच्या वर नाही, शर्यतीसाठी दोनशेच्या खाली नाही. म्हणजे मध्ये पाच पौंडांची फट. तो विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होता, वरची मर्यादा, खालची मर्यादा आणि मध्ये नेम धरायची जागा एवढं मिळालं की त्याला दुसरं काही लागत नसे. धावायचं म्हणजे जितकं हलकं तितकं बरं. मोजलं जायचं म्हणजे जितकं जड तितकं बरं. उत्तर उघड होतं: दोनशे दोन. शिवाय मापन हा तर त्याचा प्रांत. त्याच्या प्रयोगशाळेतल्या तराजूला बोटाच्या ठशाचंही वजन कळायचं. त्या तराजूसाठी दगडी टेबल होतं, वारा लागू नये म्हणून काचेची पेटी होती, आणि ‘तराजू जागेवरून हलवल्यास पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये’ अशी सूचना भिंतीवर होती. ती सूचना मोरेश्वरनंच टाइप करून लावली होती.

सराव सुरू झाला आणि मोरेश्वरची भुकेशी नव्यानं ओळख झाली.

भूक त्याला नवी नव्हती. पण आजवरची भूक घड्याळ बघून येणारी, पाहुण्यासारखी होती. धावणाऱ्या माणसाची भूक घरच्यासारखी वागते. ती न विचारता येते, फ्रिज उघडते, दार उघडं ठेवून उभी राहते. सेमिनारमध्ये कुणीतरी एका अणुरचनेची स्लाइड दाखवली, ती मोरेश्वरला मोतीचुरासारखी दिसली. धावून आल्यावर त्यानं हिशोब केला, की शैलेंद्रकाकांच्या घरापर्यंत धावत जाऊन परत आलं, तर जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढ्यात दीड पुरणपोळी बसते. तूप न घेतल्यास.

हे त्यानं पद्मिनीकाकूंना सांगितलं. पद्मिनीकाकू म्हणजे शैलेंद्रकाकांच्या पत्नी आणि त्या भागातल्या एकट्या मुलामुलींचं अन्नछत्र.

“तूप न घेता?” काकू म्हणाल्या. “मग ती पोळी मी परत घेते. तुझ्या हिशोबाला शोभणारी नाही ती.”

सल्ले सगळीकडून आले. काकू म्हणाल्या, रात्रीचा भात सोड. काका म्हणाले, भात सोडणारे गुडघ्यानं जातात, त्यांच्या पुण्याच्या व्यायामशाळेत दोघं असे गेले होते. टीममधली रुचा, जी मोरेश्वरच्याच विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत होती आणि खरोखरच धावत होती, ती म्हणाली, थोडं थोडं सहा वेळा खा. मोरेश्वरनं सहा वेळा खाल्लं. थोडं थोडं हा भाग त्याला जमला नाही. यतीननं एक डबाभर प्रोटीन पावडर आणली, तिला ओल्या पुठ्ठ्याची चव होती. नागपूरहून आई फोनवर म्हणाली, “वजन कमी करू नको बाप्पा, हाडं दिसतील.” ही भीती मात्र विज्ञानाच्या कुठल्याच कसोटीवर टिकणारी नव्हती. शेवटी कुणीतरी एकादशीचा उपास सुचवला, पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याचा लाडू खाऊन झालेल्या उपासानंतर काटा पुढेच गेला, तेव्हा मोरेश्वरनं धर्माचा मार्ग सोडला.

तरीही वजन उतरलं. मार्चच्या सुरुवातीला नर्सबाईंच्या काट्यावर बरोब्बर दोनशे पाच भरले. घरचा काटाही तेच सांगत होता. सही मिळाली. आता फक्त तीन पौंड आणि मग तिथेच मुक्काम.

नेमकी या टप्प्यावर यतीनची अंघोळ मध्ये आली.

यतीनचं मत असं होतं, की शॉवरखाली माणूस भिजतो, त्याची अंघोळ होत नाही. अंघोळीला बादली लागते, पाणी ओतायला मग लागतो, आणि बसायला काहीतरी लागतं. टबात बसलं की हौदात म्हैस बसल्यासारखं वाटतं म्हणून तो टबाबाहेर, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करायचा. अमेरिकन बाथरूमच्या फरशीला मोरी नसते, हा तपशील तो रोज नव्यानं विसरायचा. पाणी आपला मार्ग शोधत खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या टीव्हीवर उतरलं. कॉम्प्लेक्सच्या ऑफिसातून इशारा आला: पाणी टबाच्या आत ठेवावे. त्या शनिवारी दोघांनी बाथरूम कोरडं केलं, आणि वजनाचा काटा गंजायला लागलाय असं दिसल्यावर तो उचलून पॅसेजमध्ये ठेवला. पॅसेजमध्ये, सगळ्या घरात होतं तसंच, पाऊल बुडेल एवढं जाड कार्पेट होतं.

त्याच शनिवारी संध्याकाळी पद्मिनीकाकूंकडे होळीचं जेवण होतं. मोरेश्वरनं तीन पुरणपोळ्या खाल्ल्या.

रविवारी सकाळी काट्यानं दाखवलं दोनशे दहा.

मोरेश्वर उतरला, पुन्हा चढला. दोनशे दहा. पायमोजे काढून चढला. काटा जागचा हलेना. एका रात्रीत पाच पौंड! शास्त्रज्ञानं अशा वेळी काय बदललं याचा विचार करायचा असतो. मोरेश्वरनं केला. बदल एकच दिसत होता, आणि तो तुपात भिजलेला होता.

खरं तर त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात काकूंनी फोन करून बुधवारी कटाची आमटी आणि उरलेल्या पोळ्या खायला ये म्हटलं, आणि मोरेश्वरला प्रामाणिकपणाचा झटका आला.

“काकू, राग मानू नका, पण परवाच्या पोळ्यांनी माझं वजन पाच पौंड वाढलं.”

“किती खाल्ल्यास?”

“तीन.”

“तीन पोळ्यांनी पाच पौंड? मी पुरण भरलं होतं रे त्यात, शिसं नाही!”

“तसं नाही काकू. गोड खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं.”

“असं का? मग आता माझ्याकडे पाणीसुद्धा पिऊ नकोस.”

फोन बंद झाला. त्यानंतर काकूंनी बोलावलं नाही. येता-जाता काका दारातूनच भेटायचे आणि आतून येणारा फोडणीचा वास त्यांच्या खांद्यावरून बाहेर यायचा. मोरेश्वर तो वास घेऊन घरी जायचा आणि उकडलेली घेवडा-गाजरं खायचा. दुपारी लिंबूपाणी, रात्री सूप. सूप या पदार्थाबद्दल त्याचं मत असं झालं, की ते जेवणाची नुसती प्रस्तावना आहे आणि मागे पुस्तक नाही.

काटा हळूहळू खाली आला. गंमत म्हणजे तो धावायलाही पुष्कळ वेगानं लागला. रुचा म्हणाली, “मोरेश्वर, तू फार हलका झाल्यासारखा वाटतोस.” यतीन म्हणाला, “तुझी पँट पडतेय यार.” मोरेश्वरनं वेगाचं श्रेय नव्या बुटांना दिलं आणि पँटचा दोष धुलाईच्या मशीनला. काटा आहे ना घरात! शर्यतीच्या आदल्या दिवशी काट्यानं दाखवलं दोनशे दोन. मोरेश्वरनं स्वतःच्या पाठीवर मनातल्या मनात थाप मारली आणि उपाशी झोपला.

शर्यतीची सकाळ छान होती. रस्त्याच्या कडेची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती आणि त्यांच्यामागे बिनखिडक्यांची डेटा सेंटरं शहाण्यासारखी ओळीनं उभी होती. शैलेंद्रकाका गळ्यात स्टॉपवॉच घालून मैदानात फिरत होते. पद्मिनीकाकूही आल्या होत्या. शर्यतीनंतरच्या जेवणाचा मोठा कूलर पायाशी ठेवून त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि मोरेश्वर ज्या दिशेला असेल ती सोडून बाकी सगळ्या दिशांना बघत होत्या.

क्लाइड्सडेल गटाची वजनं एका तंबूत चालली होती. धान्याच्या दुकानातून आणलेला, पोती तोलायचा लोखंडी काटा डांबरी जमिनीवर ठेवला होता. वजनं घेणाऱ्या बाईंचं नाव डोना. रांगेत मोरेश्वरच्या पुढे एकच माणूस होता, अग्निशमन दलाचा रँडी. दरवाजाच्या चौकटीला हात-पाय फुटावेत तसा तो दिसत होता. रँडी चढला तेव्हा काटा नुसता कण्हला.

मग मोरेश्वर चढला. डोनानं आकडा मोठ्यानं वाचला, कारण तिच्या मते ती आनंदाची बातमी होती.

“एकशे सत्त्याण्णव! शाब्बास, पोरा!”

मोरेश्वरच्या पायाखालचा काटा सरकला. “शक्य नाही. हा काटा शेवटचा कधी तपासला होता?”

डोनानं कोपऱ्यातली घोड्यांच्या खाद्याची एक सीलबंद पिशवी उचलून काट्यावर टाकली. पिशवीवर छापलं होतं पन्नास पौंड. काट्यानं दाखवलं पन्नास. ना इकडे, ना तिकडे.

“घरी दोनशे दोन होतं,” मोरेश्वर कळवळून म्हणाला. “घरचा काटा नर्सच्या काट्याशी जुळत होता!”

“तेव्हा कुठे होता काटा?” मागून रुचानं विचारलं.

“बाथरूममध्ये. फरशीवर.”

“आणि आता?”

मोरेश्वरनं यतीनकडे पाहिलं. यतीननं जमिनीकडे पाहिलं.

“कार्पेटवर,” यतीन म्हणाला. “पण मी सांगतो ना, शॉवरनं अंघोळ होतच नाही.”

असला काटा कडक जमिनीसाठी बनवलेला असतो. मऊ जागी ठेवला की तो भलताच वाढीव आकडा दाखवतो. हे मोरेश्वरला माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या काट्याबद्दल त्यानं झोपेतही सांगितलं असतं. पाच आठवडे तो जे जास्तीचं पाच पौंड वजन उपाशी राहून उतरवत होता, ते त्याच्या अंगावर नव्हतंच. ते कार्पेटचं होतं.

“दोनशेच्या खाली तुला या गटात घेता येणार नाही,” डोना म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. “पण लाउडस्पीकरवर रेषेवर बोलावीपर्यंत पुन्हा वजन करता येतं. बूट नाहीत, खिशात काही नाही.”

काकांनी उचललेला दगड गुपचूप खाली ठेवला.

“म्हणजे तीन पौंड,” रुचा म्हणाली. “आत्ता. पोटातून.”

सगळ्यांच्या माना एकदमच कूलरकडे वळल्या. पद्मिनीकाकू हलल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला, खरं तर त्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या, पण ओढणीला त्यांनी पदराची वागणूक दिली.

“याला माझ्याकडचं पाणीसुद्धा चालत नाही,” त्या झाडाला म्हणाल्या.

मोरेश्वर खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. “काकू, पोळीचा दोष नव्हता.”

“मग कुणाचा होता?”

“काट्याचा.”

“काट्याचा?”

“माझा,” मोरेश्वर म्हणाला.

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच. “किती वाळलायस रे,” त्या म्हणाल्या. “हात धुतलेस?”

पुढची काही मिनिटं अ‍ॅशबर्नच्या क्रीडा इतिहासात एकमेव असावीत. मोरेश्वर डबा मांडीवर घेऊन बसला आणि काकू वाढू लागल्या. रुचा हिशोब सांगत होती. “कॅलरी विसर, फक्त वजन बघ. लाडू नको, चावायला वेळ लागतो. दहीभात घे. ताक घे, ताक जड असतं.” काकू म्हणाल्या, “लाडू का नको? लाडू पण घे, रवा वर्षभरात एकदाच इतका छान भाजला गेलाय.” काका घड्याळ बघत म्हणत होते, “सावकाश, सावकाश. उलटी झाली तर वजा होईल.” यतीन अपराधी चेहऱ्यानं ताकाचे ग्लास भरत होता. रँडी कुतूहलानं जवळ आला, परिस्थिती समजून घेतली, आणि धावत जाऊन एक केळं आणि एक डोनट घेऊन आला.

“खा, भावा,” तो म्हणाला. “तीन वर्षं या गटात मी एकटा धावतोय. पहिला येतो, पण कुणाच्या पुढे ते कळत नाही.”

पहिल्या फेरीत एकशे अठ्ठ्याण्णवच्या वर. दुसऱ्या फेरीत एकशे नव्व्याण्णव आणि थोडं. मोरेश्वरच्या पोटात आता समुद्र होता आणि त्यात दहीभाताची बेटं. इतके दिवस जी भूक त्याच्या मानगुटीवर बसली होती, ती कुठल्या कुठे पळून गेली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं परत यावं असं त्याला वाटत होतं. लाउडस्पीकर खरखरला.

“एवढं ताक घे,” काकू म्हणाल्या. त्यांनी ग्लास त्याच्या तोंडाला लावला, लहान मुलाला लावतात तसा. “माझ्यासाठी.”

तो काट्यावर चढला. काटा डगमगला, विचारात पडला आणि थांबला.

“दोनशे,” डोना म्हणाली. “नियम ‘दोनशे आणि पुढे’ असा आहे. पळ!”

दहा किलोमीटर अंतर तसं फार नाही, असं धावणारे लोक म्हणतात. त्यांच्या पोटात ताक नसतं. मोरेश्वरचं एक पाऊल पडायचं आणि पोटातलं दुसरं पाऊल किंचित उशिरानं पडायचं. पहिल्या वळणाला त्याला स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला, घागर घेऊन चाललेल्या माणसासारखा. पाणी वाटणाऱ्या मुलींनी प्रेमानं पेले पुढे केले, तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला पळाला. सगळ्या शर्यतीतला त्याचा तेवढाच वेगवान तुकडा. रँडी पुढे होता आणि त्याच्या आकारामुळे कितीही लांब गेला तरी दिसत होता. मागून एक पोलीस गाडी अत्यंत शांतपणे येत होती. तिच्यामागे माणसं रस्त्यावरचे नारिंगी शंकू उचलून रस्ता गाड्यांना मोकळा करत होती. त्या गाडीनं गाठलं की धावणाऱ्याला आत घेतात, आणि तो मोजला जात नाही.

अर्ध्यात गाडी फार जवळ आली. मोरेश्वर थांबला होता. लाडू वर यायचं म्हणत होता आणि मोरेश्वर त्याची समजूत घालत होता. गाडीतला पोलीस खिडकीतून म्हणाला, “बसतोस का? एसी आहे.” आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मोरेश्वरनं मान हलवली आणि चालायला लागला. मग जरा भराभर. मग लाडूनं माघार घेतली, ताक आपल्या जागी बसलं, आणि काय आश्चर्य, पाय हलके निघाले! पाच आठवडे कार्पेटचं ओझं उतरवता उतरवता ते खरोखरच तयार झाले होते. शेवटच्या रस्त्यावर काका, यतीन आणि रुचा आधीच शर्यत पुरी करून कडेला उभे राहून ओरडत होते. काकू ओरडत नव्हत्या. त्या हातवारे करून पोट धरून पळ असं दाखवत होत्या. निवेदकानं घोषणा केली, “आणि हा आला मोअर शॉवर!” यतीनला तो स्वतःवरचा टोमणा वाटला. मोरेश्वर रेषेच्या पार गेला तेव्हा पोलीस गाडी अजून मागच्या वळणावर होती.

मंडळाची टीम मोजली गेली. काकांनी तिथूनच कुणाच्या तरी लॅपटॉपवरून ग्रुपला मेल टाकली, ‘आपली टीम पहिल्या पाचांत!’ टीम एकूण सहा होत्या, हे त्यांनी लिहिलं नाही. मोरेश्वरला ते शास्त्रीयदृष्ट्या खटकलं. किती जणांतून हे सांगितल्याशिवाय कितवा हे सांगणं म्हणजे थाप, असं त्याला पहिल्या वर्षापासून शिकवलं होतं. पण तेवढ्यात त्याचंच नाव पुकारलं. क्लाइड्सडेल गट, दुसरा क्रमांक. रँडीनं त्याला उचलायचा प्रयत्न केला, दोनशे पौंडांचा अंदाज घेतला, आणि हात हातात घेतला.

पदक गळ्यात तसंच ठेवून मोरेश्वर पार्किंगच्या टोकाला गेला आणि काकांच्या मोबाइलवरून कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर फिरवला. नागपुरात संध्याकाळ होती. फोन वडिलांनीच उचलला. मागे अंगणात कुणीतरी गप्पा मारत बसलेलं ऐकू येत होतं.

“बाबा, मोरू बोलतोय. आज शर्यत होती.”

“पुरी केली?”

“केली.”

“मधात चालला का?”

“चाललो. थोडा वेळ.”

“हं. कितवा?”

“माझ्या गटात दुसरा. पदक आहे.”

मग पोफळी सरांनी विचारलं, त्यांनी विचारलं नसतं तरच नवल होतं, “एन्ट्री किती होत्या?”

मोरेश्वरनं मैदानाकडे पाहिलं. तिथे शेकडो लोक होते, पांढऱ्या झाडांखाली, केळी खात, फोटो काढत. खोटं बोलायची गरजही नव्हती, नुसता सगळ्या शर्यतीचा आकडा सांगितला असता तरी पुरलं असतं.

“दोन,” तो म्हणाला.

त्यानं पदक शर्टाच्या आत सरकवलं.

“पहिला कसा होता?” सरांनी विचारलं.

“फायरमन आहे. तीन वर्षं तोच येतोय.”

“बरं,” सर म्हणाले. “जेवून घे.” आणि त्यांनी फोनवर हात ठेवला. पण स्टॉपवॉच सांभाळणाऱ्या त्या हाताला फोन नीट झाकता येत नव्हता. पलीकडचं सगळं मोरेश्वरला ऐकू आलं. अंगणातून कुणीतरी विचारत होतं, काय म्हणतो पोरगा?

“काही नाही. धावला तिकडे,” सर म्हणाले. “दुसरा आला.”

“अरे वा सर! किती पोरं होती?”

“विचारू नका,” पोफळी सर म्हणाले. “रस्ता दिसत नव्हता म्हणे.”

मोरेश्वरनं दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. ते त्यानं हळूच मिटलं, आणि कार्ड संपेपर्यंत फोन कानाला लावून तसाच ऐकत उभा राहिला.